पंधरा वर्षांच्या रोडस्टरसाठी पैशाची जुळवाजुळव : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

गेली पाच वर्षे दरमहा १०,००० रुपये भरत आलेल्या आवर्ती ठेवीची मुदत काल संपली आणि व्याजासह सुमारे ७,००,००० रुपये बचत खात्यात जमा झाले. ही ठेव मी एकाच हेतूने उघडली होती. दोन आसनांची, छत उघडणारी, मागच्या चाकांना जोर देणारी गाडी, म्हणजे रोडस्टर, आयुष्यात एकदा आपल्या दारात असावी, ही इच्छा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा राहायला लागलो तेव्हापासूनची आहे. नवी गाडी माझ्या आवाक्याबाहेर आहे, त्यामुळे शोध जुन्या गाडीचाच आहे. सध्या डोळ्यासमोर मर्सिडीजची एसएलके २०० कॉम्प्रेसर आहे, त्यातही २००८ च्या सुधारणेनंतरची, १,७९६ सीसीच्या सुपरचार्जर इंजिनाची आणि १८४ अश्वशक्तीची. पुण्यातील एका मालकाची नोव्हेंबर २०१० ची गाडी विक्रीला आहे आणि ते १५,५०,००० रुपये मागत आहेत.

प्राथमिक आराखडा असा की साधारण ६,००,००० रुपये स्वतःचे घालावेत आणि ९,००,००० रुपयांचे कर्ज काढावे. रिझर्व्ह बँकेने ६ जूनला रेपो दर अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० टक्क्यांवर आणला आहे, त्यामुळे कर्ज काढायला हा काळ बरा आहे, असे आज तरी वाटते.

२१ जून २०२५, शनिवार

ज्या सहकारी बँकेत माझ्या कारखान्याचे खाते वीस वर्षे आहे, तिथे सकाळी गेलो. कर्ज विभागातील अधिकारी ओळखीचे आहेत आणि त्यांनी कागद पाहून आडपडदा न ठेवता सांगितले की त्यांच्या धोरणानुसार गाडीचे वय आणि कर्जाची मुदत यांची बेरीज दहा वर्षांपुढे जाता कामा नये. ही गाडी आज चौदा वर्षांची आहे, म्हणजे अर्ज करण्याआधीच बाद. इंजिन कसे आहे, किती किलोमीटर झाले, सर्व्हिसची पावती-पुस्तके आहेत की नाहीत, याला त्या हिशेबात जागाच नाही. मला वाईट वाटले, पण त्यांची बाजूही पटली. हप्ते थकले तर ती गाडी त्यांना लिलावात विकावी लागणार आणि दोन आसनी आयात गाडीला कोल्हापुरात गिऱ्हाईक शोधणे सोपे नाही.

निघताना त्यांनीच, भल्याच्या हेतूने, कारखान्याच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेने दिलेल्या कर्जमर्यादेतून, रक्कम उचलण्याचे सुचवले. मी नाही म्हणालो. ती मर्यादा कच्चा माल आणि येणी यांच्या तारणावर मिळालेली आहे आणि तिच्यातून स्वतःची हौस भागवणे म्हणजे निधी दुसरीकडे वळवणे होय. शिवाय ऑगस्टमध्ये कास्टिंगचे पैसे द्यायचे असतात तेव्हा त्याच मर्यादेवर माझी नऊ माणसे अवलंबून असतात.

२ जुलै २०२५, बुधवार

आज एका खासगी वित्त कंपनीचा प्रतिनिधी कारखान्यात येऊन गेला. अशा गाडीलाही कर्ज देऊ, असे म्हणणारी ही पहिलीच संस्था. त्याने टेबलावरच्या चलनाच्या पाठीमागे आकडे लिहून दाखवले : ९,००,००० रुपये, तीन वर्षे, व्याज ‘फक्त साडेआठ टक्के’, हप्ता ३१,३७५ रुपये. आकडा ऐकून क्षणभर मन हलले, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

तो गेल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. त्याचे साडेआठ टक्के फ्लॅट होते, म्हणजे पहिल्या दिवशीच्या पूर्ण ९,००,००० रुपयांवर तिन्ही वर्षे सारखेच व्याज धरलेले होते, मुद्दल दर महिन्याला कमी होत असले तरीही. ७६,५०० रुपये गुणिले तीन, असे २,२९,५०० रुपये व्याज मुद्दलात मिळवून त्याला ३६ ने भागले की ३१,३७५ येतात. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने उलटा सोडवला तर दर साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास निघतो. त्यात दोन टक्के प्रक्रिया शुल्क, म्हणजे १८,००० रुपये आधीच कापून ८,८२,००० रुपयेच हातात येणार, हे धरले की खरा वार्षिक दर जवळजवळ सतरा टक्के होतो. तसेच हा दर स्थिर असल्यामुळे मधेच पैसे आले आणि कर्ज लवकर फेडायचे ठरवले तर मुदतपूर्व फेडीचे शुल्क वेगळे.

ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर एका आकड्यात लिहावा लागतो. मी संध्याकाळी फोन करून ते मागितले. प्रतिनिधी म्हणाला, ‘‘साहेब, ते मंजुरीच्या वेळी येईल, आधी फाईल तर लॉगिन करूया.’’ जो कागद पाहून निर्णय घ्यायचा, तो निर्णयानंतर मिळणार असेल तर मला हा व्यवहार करायचा नाही. फाईल दिली नाही.

१३ जुलै २०२५, रविवार

पतसंस्थेचा पर्याय पाहिला. वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी मिळू शकते, त्यासाठी सभासद व्हावे लागेल, कर्जाच्या प्रमाणात शेअर घ्यावे लागतील आणि दोन जामीनदार द्यावे लागतील. जामीनदार मिळणे अवघड नाही. मेहुणे आणि शेजारच्या पॅटर्न शॉपचे मालक, दोघेही शब्दाबरोबर सही करतील.

तिथेच मी थांबलो आहे. माझ्या वडिलांनी १९९० च्या दशकात एका मित्राच्या कर्जाला जामीन दिला होता. मित्राचा धंदा बसला आणि वसुलीचा दाखला दोघांच्याही नावावर निघाला, कारण सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुलीत जामीनदार कर्जदाराइतकाच बांधील असतो. चार वर्षे आमच्या घरातून दर महिन्याला त्या कर्जाचा हप्ता जात होता. वडिलांनी त्या मित्राशी बोलणे कधी सोडले नाही, पण दिवाळीला आम्हा भावंडांना नवे कपडे न घेण्याची ती चार वर्षे मला आठवतात. गरजेसाठी, आजारपणासाठी, कारखान्यासाठी मी कोणाकडे सही मागेन आणि कोणाला देईनही. हौसेच्या गाडीसाठी दुसऱ्याचे घर कागदावर आणणार नाही. हा पर्याय बंद.

२७ जुलै २०२५, रविवार

दुपारी जेवणानंतर आईने कपाटातून तांबडा मखमली डबा आणून माझ्यासमोर ठेवला. तिचा कोल्हापुरी साज आणि दोन पाटल्या. ‘‘ह्यो ठेव तारण आणि घे तुझी गाडी. कपाटात पडून काय करतोय?’’ पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता ताटे उचलली.

आईच्या समाधानासाठी मी सोनेतारणाची चौकशी खरोखर केली. गुजरीतल्या आमच्या नेहमीच्या सराफांनी साज हातात घेऊन समजावले की बँकेचा मूल्यमापक एकूण वजन धरत नाही. जाव मण्यांत भरलेली लाख, पानड्यांतले माणिक आणि पाचू यांचे वजन वजा करून निव्वळ सोन्याचेच मोल धरले जाते आणि त्या मोलाच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. आईच्या साजावर त्यामुळे पाटल्यांच्या मानाने फारच कमी रक्कम बसत होती. व्याजदर वित्त कंपनीच्या जवळपास निम्मा होता, हेही नमूद करतो, आणि अडचणीच्या वेळी सोनेतारणाइतके झटपट कर्ज दुसरे नाही. परंतु डबा मी संध्याकाळी आईच्या कपाटात परत ठेवला. साजातील एक पानडी वाकलेली आहे. ती माझ्या बारशात वाकली, असे आई सांगते. सराफांनी ती सरळ करून देऊ का विचारले तेव्हा मी नको म्हणालो.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

आज मार्ग सापडला, आणि तो इतके दिवस माझ्याच कागदांत होता. मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ठेवलेली ६,००,००० रुपयांची मुदत ठेव ७.२५ टक्क्यांची आहे. ती मोडण्याचा विचार मी आधीच सोडून दिला होता, कारण मोडली तर एक टक्का दंड जातो आणि दर उतरत असताना पुन्हा ७.२५ टक्के मिळणार नाहीत. त्याच ठेवीच्या तारणावर बँक ९० टक्के, म्हणजे ५,४०,००० रुपये ओव्हरड्राफ्ट देते आणि दर ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का अधिक, ८.२५ टक्के. व्याज रोजच्या प्रत्यक्ष बाकीवर लागते, हप्ता ठरलेला नसतो आणि लवकर फेडल्यास कोणतेही शुल्क नाही. जामीनदार लागत नाही आणि गाडीचे वय कोणी विचारत नाही.

हे कर्ज एका टक्क्यात पडते, असे म्हणण्याची पद्धत आहे, ती मात्र मला मान्य नाही. ठेवीच्या व्याजावर मला माझ्या टप्प्याप्रमाणे २०.८ टक्के कर भरावा लागतो, म्हणजे ७.२५ चे हातात ५.७४ टक्केच उरतात, तर कर्जाच्या ८.२५ टक्क्यांवर कोणतीही वजावट मिळत नाही. फरक सुमारे अडीच टक्के आहे. तरीही तो साडेपंधरा टक्क्यांच्या जवळपास फिरकत नाही. दरमहा २०,००० रुपये भरले तर ५,४०,००० रुपये ३० महिन्यांत फिटतात आणि एकूण व्याज साठ हजारांच्या आतच राहते. तीच रक्कम तेवढ्याच मुदतीसाठी साडेपंधरा टक्क्यांनी घेतली असती तर व्याज सुमारे १,१५,००० रुपये झाले असते.

यामुळे सगळा आराखडा उलटा झाला. गाडीची किंमत पाहून कर्ज ठरवण्याऐवजी आता कर्ज ५,४०,००० रुपयांवर पक्के आहे, आवर्ती ठेवीचे ७,००,००० आणि बचत खात्यातील ३५,००० रुपये स्वतःचे, म्हणजे गाडीला जास्तीत जास्त १२,७५,००० रुपये. त्याच्या वर एक रुपयाही नाही. दुरुस्तीसाठी ३,००,००० रुपये वेगळे, तेही कर्जाविना : जुनी सेडान विकून १,८०,००० आणि सप्टेंबरमध्ये लागणाऱ्या भिशीचे १,२०,००० रुपये. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये माणूस खरेदीच्या रकमेमुळे बुडत नाही, पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला पैसे उरत नाहीत म्हणून गाडी ताडपत्रीखाली जाते. अशा दोन गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत, एक ताराबाई पार्कात आणि एक शिरोलीला.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

मिस्त्रींना घेऊन पहाटे पाचला निघालो आणि नऊच्या सुमारास पुण्यात पोहोचलो. विक्रेत्याला आदल्या दिवशीच विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन सेकंद साखळीचा खरखराट आला आणि थांबला. मर्सिडीजच्या या एम२७१ इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे झडपांची वेळ सांभाळणारी साखळी, ताणली जाते, हे ठाऊक होते.

त्यानंतर मिस्त्रींनी कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) चुंबकाचा विद्युत जोड सोडवला, खिशातून धुतलेले पांढरे फडके काढले आणि त्याचे टोक पिळून आत फिरवले. फडक्यावर मधाच्या रंगाचा डाग आला. ‘‘मालक, तेल आलंय. आता वायरिंगमधनं कुठवर गेलंय, ते बघाय पायजे.’’ या इंजिनात त्या चुंबकातून झिरपलेले तेल तारांच्या आतून केशाकर्षणाने चढत चढत थेट इंजिनाच्या संगणकापर्यंत पोहोचू शकते आणि तसे झाले तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. मिस्त्रींनी संगणकाचा जोडही उघडला. तो कोरडा होता. त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला.

छत २२ सेकंदांत उघडायला हवे. ते ३१ सेकंद घेते आणि डिकीच्या उजव्या कोपऱ्यात हायड्रॉलिक तेलाचा ओलावा आहे. टायरांवर ३२१६ हा अंक आहे, म्हणजे ते २०१६ च्या ३२ व्या आठवड्यात तयार झालेले, नक्षी भरपूर शिल्लक असली तरी नऊ वर्षांचे रबर. पत्रा मात्र मूळचा आहे, रंगाची जाडी मोजून पाहिली तर सगळीकडे सारखी.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

फोनवर दीड तास बोलणे झाले. कामांचा अंदाज लिहून पाठवला होता : चेन, गिअर आणि चुंबक १,१०,०००, टायर ६०,०००, छताचे सिलिंडर ४५,००० आणि नोंदणी नूतनीकरणासाठी ५०,०००, असे २,६५,००० रुपये. शेवटच्या रकमेवर विक्रेत्याला आश्चर्य वाटले. गाडीची नोंदणी १८ नोव्हेंबर २०१० ची आहे, म्हणजे पंधरा वर्षे येत्या १७ नोव्हेंबरला पूर्ण होतात. साध्या मोटारीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात, परंतु पूर्णतः आयात केलेल्या चारचाकीला एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये आहेत, त्यात पर्यावरण कर आणि किरकोळ खर्च वेगळा. त्यांनी अधिसूचना स्वतः वाचून पाहिली आणि अर्ध्या तासाने परत फोन केला. १२,७५,००० रुपयांवर व्यवहार ठरला.

त्यांची एक विनंती मी मान्य करू शकलो नाही. ३,००,००० रुपये रोख द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. आयकर कायद्याच्या कलम २६९एसटी प्रमाणे एका व्यवहारात २,००,००० रुपये किंवा अधिक रोख स्वीकारता येत नाही आणि दंड स्वीकारणाऱ्याला रकमेइतकाच होतो, हे मी त्यांना त्यांच्या हितासाठीच सांगितले. २५,००० रुपये इसार ऑनलाइन पाठवला आणि ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा करून घेतला.

३० ऑगस्ट २०२५, शनिवार

अडथळा आला. नोंदणी पुस्तकावर अजून पहिल्या कर्जाचे नजरगहाण, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा, दिसते आहे. कर्ज २०१५ मध्येच फिटले, पण बोजा उतरवण्याचा नमुना ३५ त्या वेळी सादरच झाला नाही आणि तेव्हाचे ना-हरकत पत्र केव्हाच कालबाह्य झाले. बोजा उतरेपर्यंत उरलेले पैसे देणार नाही, असे करारात होते, म्हणून मी निश्चिंत आहे. विक्रेत्याने त्या संस्थेकडे नव्या पत्रासाठी अर्ज केला आहे.

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

पितृपंधरवडा सुरू झाला आहे, त्यामुळे आईच्या इच्छेप्रमाणे २१ तारखेपर्यंत काहीच हलवायचे नाही. नव्या गाड्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबरपासून उतरणार असल्याने जुन्या गाड्यांचेही भाव पडतील, तेव्हा आणखी घासाघीस करा, असे दोघातिघांनी सुचवले. ठरलेला भाव मी मोडणार नाही, आणि या गाडीला पर्याय ठरेल अशी नवी गाडी बाजारात आहेच कुठे?

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

ना-हरकत पत्र आले आणि बोजा उतरला. भिशीही लागली. सेडान विकली आणि विमा कंपनीकडून ५० टक्के नो क्लेम बोनसचे प्रमाणपत्र घेतले. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे तो नव्या पॉलिसीवर आणता येतो, आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते.

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, विजयादशमी

संध्याकाळी दसरा चौकात सोने लुटायला सगळे गेलो होतो. राजघराण्याची १९३६ ची मेबॅक गाडी पाहण्यासाठी मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसत असे. गाडी म्हातारी होते तशी तिची किंमत कमी होत जाते, ही समजूत या गावात वाढलेल्या मुलाच्या डोक्यात कधी बसलीच नाही, याचे कारण बहुधा ती भगवी गाडी असावी.

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

सकाळी १२,५०,००० रुपये आरटीजीएसने पाठवले, त्यांपैकी ५,४०,००० ओव्हरड्राफ्टमधून. मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या, दोन्ही किल्ल्या आणि मूळ सर्व्हिस पुस्तिका मिळाल्या. परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवले. काटा जागेवरून हलला नाही. साताऱ्यापुढे रस्त्याच्या कामाची वळणे संपता संपत नव्हती आणि प्रत्येक उंचवट्याला मी श्वास रोखून गाडी तिरकी चढवली. रात्री आठला दारात पोहोचलो. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

विम्याविषयी सविस्तर लिहितो, कारण इथे मी चूक करता करता वाचलो. मालकी बदलली की त्रयस्थ पक्षाचे संरक्षण आपोआप चालू राहते, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण नव्या नावावर करून घ्यावेच लागते. मी जुन्या पॉलिसीच्या भरवशावर आठवडाभर गाडी बाहेर काढणार होतो. पाच वर्षांवरील गाडीचे विमा मूल्य ठरलेल्या तक्त्याने येत नाही, ते मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. पहिल्या प्रस्तावात ७,००,००० रुपये होते. तपासणी अहवाल, छायाचित्रे आणि बँकेतून दिलेल्या रकमेचा दाखला दिल्यावर १०,५०,००० रुपये मान्य झाले. १,५०० सीसीवरील मोटारीचा त्रयस्थ पक्षाचा हप्ता ७,८९७ रुपये आहे, त्यात सवलत नाही, बोनसची सवलत फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळते.

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

मालकी हस्तांतरण गेल्या महिन्याअखेर झाले. नव्या नोंदणी पुस्तकावर माझे नाव आहे आणि नजरगहाणाचा रकाना रिकामा आहे, कारण तारण गाडी नसून ठेव आहे. नूतनीकरणाचा नमुना २५ मुदतीपूर्वी साठ दिवसांच्या आत भरता येतो, तो वेळेत भरला होता. तपासणीत निरीक्षकांनी दिवे, ब्रेक आणि चासी क्रमांक पाहिला आणि छत एकदा उघडून दाखवायला सांगितले. नवे सिलिंडर बसवल्यापासून ते २२ सेकंदांत उघडते. नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी मिळाली.

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार

१ नोव्हेंबर आणि १ डिसेंबरला प्रत्येकी २०,००० रुपये भरले. खात्यावर सुमारे ५,०६,६०० रुपये बाकी आहे. दुरुस्तीच्या ३,००,००० रुपयांतून सिलिंडर, टायर आणि नूतनीकरण मिळून १,५२,००० रुपये गेले आणि १,४८,००० शिल्लक आहेत. चेनचा संच काल आला. मिस्त्रींनी सोमवारची तारीख दिली आहे आणि इंजिन उघडल्यावर इंधनाच्या रबरी नळ्याही काढून पाहायच्या आहेत, कारण २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल या नळ्यांना मानवते की नाही, ते हाताने दाबून पाहिल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही.